कर्नलचे लोक

मुलगा आणि सून बाहेरगावी जाताना मला एकच गोष्ट बजावून गेले होते. "आई, लॅपटॉपवर कोपऱ्यात एक निळी पाटी येईल. तिच्यावर 'आत्ता' आणि 'नंतर' अशी बटणं असतील. तू 'नंतर' दाब. मी आलो की बघतो."

यात अवघड काही नव्हतं. मी शाळेत गेलेली नाही, पण दुकानांच्या पाट्या वाचून वाचून अक्षरं गोळा केली आहेत. आणि 'नंतर' हा शब्द तर मला नवऱ्यामुळे पाठच आहे.

पण ती पाटी फार सभ्य होती हो. रोज सकाळी यायची, कोपऱ्यातच उभी राहायची. 'नवीन अपडेट आले आहे.' मी म्हणायची, नंतर. मुकाट्याने जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. दारात आलेल्याला माणूस किती दिवस परत पाठवणार? शेवटी माझी मलाच लाज वाटली आणि एका सकाळी मी 'आत्ता' दाबलं.

पाटीला आनंद झाला. पडद्यावर एक रेघ भरत भरत गेली, मशीन विझलं, पुन्हा लागलं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त आवाज गेला होता. पण तो गेलाय हे मला रविवारी कळलं, आणि नेमकं माझ्या धाकट्या बहिणीसमोर कळलं.

आता बहिणीचं सांगायला हवं. लहानपणी आमच्या घराच्या कौलांवरून एक मुलगी खाली पडली होती. ती मुलगी मी. कुठलं कौल निसटलं, खाली कुत्रं कुठे झोपलं होतं, मी पडल्यावर त्याने आधी माझ्याकडे आणि मग वर आभाळाकडे कसं पाहिलं, सगळं मला लख्ख आठवतं. पण माझी बहीण जगाला सांगते की पडली ती! कौल माझं, कुत्रं माझं, आणि पडणार ही. एका लग्नात तिने ही गोष्ट चारचौघांत सांगितली, मी चारचौघांतच ती दुरुस्त केली, आणि आमचा अबोला सुरू झाला. तो इतका लांबला की तेवढ्यात तिचे नातू दाढी करायला लागले.

यंदा भाचीने मध्यस्थी केली. दर रविवारी संध्याकाळी लॅपटॉपवर एकमेकींशी बोलायचं असं ठरलं. साध्या फोनवर बोलायला बहीण तयार नव्हती. तिला माझं तोंड दिसायला हवं होतं. (फोनवर मी हसून बोलते की नुसतीच बोलते हे कळत नाही म्हणे.) पहिला रविवार छान गेला. दोघी गुडघ्यांवर बोललो. गुडघ्यांबद्दल आमचा वाद नाही, तिचे तिच्याकडे आहेत आणि माझे माझ्याकडे.

दुसऱ्या रविवारी ती पडद्यावर आली आणि तिचे ओठ हलायला लागले. ऐकू काहीच येईना. मला वाटलं, हळू बोलत असेल. म्हणून मी तोंड मिटून, पुढे वाकून, कान पडद्याला लावला. तिला तिकडे काय दिसलं? माझा अंबाडा. मी बराच वेळ कान लावून बसले, मग मान वळवून पाहते तर पडदा रिकामा.

लगेच भाचीचा फोन. "मावशी, अगं आई फार चिडलीय. म्हणते, एक शब्द बोलली नाही आणि वर तोंड फिरवलं!"

"तोंड नाही गं, कान फिरवला. मशीनचा आवाज गेलाय."

मागून बहिणीचा आवाज आला, चांगला खणखणीत. "आवाज माणसाचा जातो! मशीनला काय सर्दी होते? तिला सांग, पुढच्या रविवारी बोलली तर बोलली. नाहीतर मी ते मशीन कपाटात ठेवते आणि पुन्हा कधी काढत नाही."

म्हणजे रविवारच्या आत आवाज आणायचा होता. मुलाला विचारावं, तर 'आत्ता' का दाबलंस ते आधी सांगावं लागलं असतं. मग राहिलं मंडळ.

आमच्या लॅपटॉपवर ते सगळ्यांकडे असतं ते नाही, लिनक्स आहे. लिनक्स म्हणजे काय, मला माहीत नाही. मुलगा सांगतो, ते बिघडलं तर कंपनीला फोन करायचा नसतो, वापरणाऱ्यांनी एकमेकांना विचारायचं असतं. त्यासाठी फोनवर त्यांचं मंडळ आहे, आणि मुलाने मलाही त्यात घालून ठेवलं होतं. (स्वतः तो ते कधी उघडत नाही.) मंडळाचे प्रमुख म्हणजे आमच्याच गावातले दातांचे डॉक्टर. बाजारामागच्या गल्लीत दवाखाना. दिवसभर ते लोकांना 'आ करा' म्हणतात, आणि माणूस आ करून बसला की तेवढ्यात मंडळावर उत्तरं देतात. मला वाचायला वेळ लागतो म्हणून माझ्यासाठी सगळ्यांनी बोलूनच निरोप पाठवायचे असा त्यांनी नियम केला. माणूस चांगला आहे.

मी बोलून निरोप टाकला. गोष्ट मुळापासून सांगितल्याशिवाय कुणाला काय कळणार, म्हणून कौलांपासून सुरुवात केली. आवाजापर्यंत पोचायला मला तीन निरोप लागले.

पहिलं उत्तर आलं, "आजी, व्हर्जन कोणतं?"

हा शब्द मला माहीत आहे. मुलगा नेहमी म्हणतो, आई, तुझं व्हर्जन वेगळं, मावशीचं व्हर्जन वेगळं. मी सांगितलं, "माझंच व्हर्जन खरं. तिचं ऐकू नका."



दुसरं उत्तर, "आवाज जायच्या आधी घरात, म्हणजे मशीनमध्ये, काय बदललं होतं?"

"पडदे."

तिसरा कुणीतरी घाईतला होता. मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. तो म्हणाला, "आजी, सोपं आहे. टर्मिनल उघडा, सुडो ॲप्ट करा, झालं."

मला त्यातलं 'उघडा' आणि 'आपट' एवढंच ऐकू आलं. मला पटलं नाही. पण आमचा जुना रेडिओ आपटल्यावरच लागायचा, तेव्हा म्हटलं, यांना अनुभव असेल. लॅपटॉप उघडला आणि आपटला. (गादीवर आपटला. मी काही वेडी नाही.) मग मंडळाला कळवलं, "आपटला. फरक नाही. आणखी जोरात आपटू का?"

मग स्वतः डॉक्टरांचा निरोप आला. मागे यंत्राची घुर्रघुर्र आणि कुणाचंतरी कण्हणं. त्यातून मला ऐकू आलं ते असं:

"आजी, काहीही आपटू नका! कुणी काही सांगितलं तरी करू नका. तुम्ही फक्त लोक पाठवा. मला थेट पाठवा. गेल्या आठवड्याभरातले सगळे लोक पाठवा, निवडानिवड करू नका. ज्यांच्यात एरर दिसेल ते तर आधी पाठवा. आणि बूटचे आणि कर्नलचे लोक नक्की पाठवा, बहुतेक गडबड तिथेच असणार."

मी निरोप पुन्हा लावला. पुन्हा तेच. आमच्या यांना ऐकवला. हे म्हणाले, "लोक पाठवा म्हणताहेत."

"पण आवाजासाठी लोक कशाला?"

"साक्षीपुराव्याला. विचारपूस करणार असतील." (हे कोर्टात कारकून होते. यांच्या मते जगात साक्षीशिवाय काहीच सुटत नाही.)

मला एकाच गोष्टीचं आश्चर्य वाटलं. आमच्या तळमजल्यावर कर्नल राहतात हे दातांच्या डॉक्टरांना कसं कळलं?

कर्नलसाहेब निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून बूट घातल्याशिवाय पेपरसुद्धा उचलायला बाहेर येत नाहीत. म्हणजे बूटही जुळत होते. मी त्यांचं दार वाजवलं.

"कर्नलसाहेब, दातांच्या डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलंय. माझ्या लॅपटॉपच्या आवाजाबद्दल. बूट घालून या म्हणालेत."

कर्नलांनी एकही प्रश्न विचारला नाही. लष्करातला माणूस आहे, हुकूम आला की जातो. एवढंच म्हणाले, "वहिनी, किती वाजता?"

"आणि तुमचे लोकही आणा. 'कर्नलचे लोक' असं म्हणाले ते."

"माझे लोक?" ते जरा विचारात पडले. "मेहुणा आलाय. चालेल?"

चालेल म्हटलं.

मग आठवड्याभरात घरी कोण कोण आलं होतं ते आठवलं. मला आठवायला लागत नाही, असतंच. वरच्या मजल्यावरची डबा परत द्यायला आली होती. इस्त्रीवाला कपडे घेऊन आला होता. नळ दुरुस्त करणारा आला होता आणि नळ तसाच ठेवून गेला होता. म्हणजे त्याच्यात एरर दिसत होता. एरर म्हणजे चूक, खोट, हे मला सुनेमुळे ठाऊक आहे. तेव्हा त्यालाही बोलावलं. आणि ज्यांच्यात एरर दिसेल ते आधी पाठवायचे होते, म्हणून सगळ्यांत पुढे मी आमच्या यांना ठेवलं.

शनिवारी सकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो. बाकावर खरे पेशंट बसले होते, गालाला हात लावून. आम्ही आत शिरलो तसे ते भिंतीला चिकटत गेले. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. खुर्चीत एक बाई आ करून पडली होती आणि डॉक्टर तिच्या तोंडात वाकले होते.

"कोण आहे?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"लोक," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मान वर केली. "दात कुणाचा दुखतोय?"

"कुणाचाच नाही," इस्त्रीवाला म्हणाला. "आजींच्या आवाजासाठी आलोय."

"आवाजासाठी घशाच्या डॉक्टरांकडे जा ना!"

"माझ्या नाही, मशीनच्या," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणालात, लोक पाठवा. हे आठवड्याभरातले सगळे. निवडानिवड केली नाही. एरर असलेले पुढे ठेवलेत."

हे पुढे होतेच. त्यांनी नमस्कार केला.

कर्नल टाच जुळवून उभे राहिले. "बुटांसकट हजर आहे. हा मेहुणा."

डॉक्टरांच्या हातातलं ते टोकदार हत्यार खाली आलं. ते एकेकाकडे बघत गेले. मग खुर्चीवरच्या दिव्याकडे बघून म्हणाले, "लॉग."

"तेच ना, लोक."

"लोक नाही हो आजी, लॉग! लॉग! मशीन आत दिवसभर स्वतःशी पुटपुटत असतं ना, कुठे अडलं, काय झालं नाही, ते सगळं आपोआप लिहिलं जातं. त्याला लॉग म्हणतात. ते मला फोनवरून पाठवायचं होतं. ते वाचलं की कळतं काय दुखतंय ते."

"आणि कर्नल?" कर्नलांनी विचारलं.

"कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याचं नाव आहे ते."

"म्हणजे मी नव्हे."

"नाही."

"आणि बूट?"

"बूट होणं म्हणजे मशीन सुरू होणं."

कर्नलांनी खाली बुटांकडे पाहिलं. आरशासारखे चकचकीत होते. "दोनदा पॉलिश केलं," ते मेहुण्याला म्हणाले.

खुर्चीतल्या बाईच्या घशातून कसलातरी आवाज यायला लागला. आम्हाला वाटलं, कळ आली. पण ती हसत होती. तोंड बंद करता येत नव्हतं, त्यामुळे ते फार मोठ्याने झालं. मग बाकावरचेही हसले, गाल धरून. एकाचं तात्पुरतं भरलेलं सिमेंट निघून आलं, आणि त्याने त्याचं बिल मला दाखवावं की डॉक्टरांना, यावर वाद सुरू झाला.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "उद्या दवाखाना बंद असतो. मी स्वतः येतो. पण आत्ता तुमचे लोक घेऊन जा."

मी घेऊन गेले. पण एवढं झाल्यावर त्यांना शेवट बघायचा होता. रविवारी दुपारपासूनच सगळे माझ्याकडे येऊन थडकले. कर्नल (बुटात) आणि मेहुणा दाराशी उभे, वरची आणि इस्त्रीवाला भिंतीला टेकलेले, नळवाला मोरीच्या दाराशी. नळाकडे त्याने बघितलंही नाही. डॉक्टर लॅपटॉप मांडीवर घेऊन काळ्या पडद्यावर काहीतरी टाईप करत बसले होते. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, "डॉक्टर, संध्याकाळ झाली. ती वेळेची पक्की आहे. आज मी बोलले नाही तर संपलं."

"अर्धं झालंय, आजी. इनपुट आलं. आउटपुट तेवढं राहिलंय."

तेवढ्यात लॅपटॉपवर बहिणीचं नाव आलं.

"घ्या, घ्या कॉल," डॉक्टर म्हणाले. "अजून ऐकू येणार नाही, पण घ्या. चेहरा तर दिसू दे. मी बाजूला बसून करतो."

ऐकू येणार नाही. बरं. मी समोर बसले, तोंडभर हसले आणि हात हलवला. पडद्यावर बहीण आली. ओठ घट्ट मिटलेले. मीही एक शब्द बोलले नाही तर पुन्हा अबोला झाला असता, म्हणून मी ओठ हलवत राहायचं ठरवलं. आता नुसते ओठ हलवायला मला येत नाही. ओठ हलले की शब्द निघतातच. आणि ऐकू तर येणार नव्हतं. तेव्हा मी हसतमुखाने तिच्याकडे बघत मागच्या मंडळींशी बोलायला लागले.

"ही माझी धाकटी. केस बघा, बुटासारखे काळे केलेत."

वरची पुढे वाकली. "काकू, त्या फार गंभीर दिसतात."

"गंभीर कसली, फुगलीय. लहानपणी अशीच फुगायची. कौलावरून पडले म्हणते! अहो, पडायला आधी चढावं लागतं. हिला पाटावर उभं करायला दोन माणसं लागायची. मी वर चढले तेव्हा ही खाली उभी राहून 'आईला सांगीन' म्हणत होती. आणि मी पडल्यावर धावत गेली, ती मला उचलायला नाही, आईला सांगायला."

बहिणीचे डोळे मोठे झाले.

"बघा," मी म्हटलं, "कशी बघते! अगदी ऐकू येत असल्यासारखी."

मी पुन्हा गोड हसले आणि हात हलवला.

कर्नलांनी घसा साफ केला. "पण वहिनी, एवढं सगळं आहे, तर मग या बोलण्याचा एवढा आटापिटा कशाला?"

आता याला काय सांगायचं? मी पडद्याकडे बघत होते. ती म्हातारी झालीय, काळ्या केसांखालीसुद्धा. मी म्हटलं, "कर्नलसाहेब, आई गेली, वडील गेले, घर पडलं, त्या जागी आता गाड्या लावतात. ते कौल कुठलं होतं, कुत्रं कुठे झोपायचं, हे आता जगात आम्हा दोघींनाच माहीत आहे. ती खोटं सांगते, पण त्या जागेचंच सांगते ना! ती बोलली नाही तर मी पडले याला साक्षीदार कोण? मी नुसती एक म्हातारी राहिले, कुठूनही न पडलेली."

आमचे हे 'साक्षीदार' या शब्दाला मान हलवत होते.

"सापडलं!" डॉक्टर ओरडले. "आवाज टीव्हीच्या वायरीकडे चालला होता, आणि टीव्ही जोडलेलाच नाही! आजी, तुमचा आवाज तिकडे मघापासून जातोय, त्यांचा आता येईल." आणि त्यांनी कुठेतरी बोट दाबलं.

तुमचा आवाज मघापासून जातोय, हे वाक्य माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात बहीण बोलली. तपासायला म्हणून डॉक्टरांनी आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता, तो जिन्यातून तळमजल्यापर्यंत गेला.

"साक्षीदार पाहिजे ना तुला?" बहीण म्हणाली. तिचा आवाज जरा कापत होता, आणि मग मुळीच कापला नाही. "मंडळी, नमस्कार. मी साक्षीदार. समोर उभी होते. कौलावरून तीच पडली, मी नाही. कबूल. पडली ती डोक्यावर पडली. त्याचा परिणाम तुम्ही बघताच आहात."

आधी मेहुणा हसला. मग कुणीच थांबेना. आमचे हे डोळे पुसत म्हणाले, "साक्ष ग्राह्य आहे."

"आता नीट ऐका," बहीण म्हणाली. "खरं काय झालं ते मी सांगते."

माझी गोष्ट लोकांनी भिंतीला टेकून ऐकली होती. आता वरचीने खुर्ची ओढली, इस्त्रीवाला जमिनीवर मांडी घालून बसला, नळवाल्याने मोरीतलं स्टूल आणलं. कर्नलांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट काढून माझ्या पलंगावर पाय वर घेऊन बसले. मला सरकता सरकता दारापर्यंत यावं लागलं. तिथून पडदा दिसत नव्हता, आवाज मात्र स्वच्छ येत होता. बहीण सांगत होती की कुत्रं पांढरं होतं. कुत्रं काळं होतं! मी दुरुस्त करायला तोंड उघडलं.

सगळे लोक एकदम माझ्याकडे वळले.

"वहिनी, श्श!" कर्नल म्हणाले. "इतक्या मुश्किलीने आवाज आलाय, ऐकू तर द्या."